आलं का?

आमच्या घरात गेली पाऊणशे वर्षं एकच प्रश्न विचारला जातो आहे. तो म्हणजे, "आलं का?" प्रश्न माळवदावरून खाली विचारायचा असतो, उत्तर खालून वर द्यायचं असतं, आणि उत्तर वर पोचेपर्यंत जे आलं होतं ते गेलेलं असतं. इतर घराण्यांच्या इतिहासात तलवारी असतात, सनदा असतात, गेला बाजार एखादा वाडा सावकाराकडे पडल्याचा कागद तरी असतो. आमच्याकडे गंगाखेडचं हे माळवदाचं घर, त्याच्या अडीच फुटी भिंती आणि हा प्रश्न, एवढीच वडिलोपार्जित इस्टेट. मी बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. इतिहासाशी माझं कधी जमलं नाही. पण मागची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय आम्हा लोकांना चैन पडत नाही, आणि परवा घरात वायफाय नीट यावं म्हणून जी खटपट केली तिचा हिशेब मांडायला बसलो, तर सुरुवातीची शिल्लक पार निजामापर्यंत गेली.

सर्वांत जुनी नोंद सप्टेंबर १९४८ ची. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांची दहशत, दारं दिवसाही लावलेली. १३ तारखेला भारतीय फौजा राज्यात शिरल्याची कुणकुण लागली होती, पण पक्की बातमी कुणाकडे नव्हती. आमचे आबा माळवदावर पालथे पडून रस्ता न्याहाळायचे आणि खालच्यांनी वर विचारायचं, "आलं का?" म्हणजे सैन्य. १७ तारखेला निजामानं हैदराबादच्या रेडिओवरून शरणागती जाहीर केली. रेडिओ गावात दोनचार घरी. आबांना बातमी दुसऱ्या दिवशी कळली, तोवर ते माळवदावरच होते. मुक्त झाल्यानंतर अख्खी एक रात्र आपण पारतंत्र्यात काढली, ही गोष्ट त्यांना फार लागली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की घरात रेडिओ आणायचा.

तो यायला पुढं नऊ वर्षं गेली. १९५६ साली परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९५७ साली रेडिओ आमच्या ओसरीत आला. बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीचा. त्याच्यासाठी माळवदावर दोन काठ्या रोवून मधे पितळी जाळीची एरियल ताणली. पोस्टात जाऊन लायसन काढलं. वर्षाला पंधरा रुपये. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण नुसतं ऐकण्यासाठी सरकारचा परवाना लागत असे, आणि तो थेट १९८० च्या दशकात रद्द झाला. आबा ते लायसनचं पुस्तक देवघरात पोथ्यांच्या शेजारी ठेवत. मग रोज संध्याकाळी कुणीतरी वर चढून तार हलवायची आणि विचारायचं, "आलं का?" म्हणजे स्टेशन.

आमच्या भाषेची इथं मोठी सोय झाली आहे. सैन्य, स्टेशन, पुढं टीव्हीचं चित्र आणि आता नेट, सगळीच नपुंसकलिंगी. चार पिढ्यांत प्रश्नाचं क्रियापदसुद्धा बदलावं लागलं नाही.

आई या घरात सून म्हणून आली ती १९७४ साली. तोवर रेडिओ विजेवर आला होता, पण होता ओसरीतच. आमच्या घराची रचना अशी: रस्त्यावरून ढेलज, मग चौक, चौकाच्या पलीकडे ओसरी, आणि ओसरीच्या मागं माजघर व स्वयंपाकघर. ओसरी आणि माजघर यांच्यामधली भिंत ही नुसती भिंत नाही. तिच्या पोटात धान्य साठवायचं बळद आहे. म्हणजे एक भिंत, मधे पोकळी, पुन्हा एक भिंत. ही चोरांपासून ज्वारी वाचवण्यासाठी बांधली होती, पण तिनं ज्वारीबरोबर बाकीही बरंच काही अडवलं. बुधवारी रात्री सिलोनवरून बिनाका गीतमाला लागायची. ओसरीत सगळी पुरुषमंडळी रेडिओला घेरून बसलेली आणि आई भिंतीमागं भाकरी थापतेय. ती सांगते, "गाणं ओळखू यायचं, पण कितव्या पायरीवर आलंय ते कळायचं नाही." पायरी विचारायला ओसरीत यायचं म्हणजे डोक्यावरचा पदर, सासरे, दीर, सगळंच आलं.

टीव्हीच्या काळाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि त्या उन्हाळ्यात अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढून टीव्ही घेतला. तोही अर्थात ओसरीत. मी सहा वर्षांचा. रविवारी सकाळी अण्णा माळवदावर अँटेनाच्या नळीला मिठी मारून उभे. काका ओसरीत टीव्हीसमोर. ओसरीतला आवाज माळवदावर जाईना आणि वरचा ओसरीत येईना, म्हणून मला चौकात उभं केलेलं.

"आलं का?" वरून अण्णा.

"आलं का?" मी ओसरीकडे तोंड करून.

"आलं! नाही, मुंग्या आल्या!" काका.

मी वर तोंड करून, "आलं! मुंग्या आल्या!" तोवर अण्णांनी नळी आणखी फिरवलेली असायची, कारण त्यांनी फक्त "आलं" ऐकलेलं नसायचं. एकदा तर मी अण्णांचा प्रश्न आणि काकांचं उत्तर एकाच वेळी ओरडायच्या नादात दोन्ही गिळून बसलो आणि सीताहरण अर्धं निघून गेलं. त्या दिवशी अण्णांनी मला जे काही म्हटलं ते पुढं तिसाहून जास्त वर्षांनी मला तंत्रज्ञानाचं पुस्तक वाचताना आठवलं, ते कसं ते सांगतो.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा गंगाखेडला एसटीडी बूथवर रात्री दर उतरायची वाट बघत रांगा लागत होत्या. मग मोबाईल आला. तो माळवदावर लागायचा, माजघरात नाही. आजही लागत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या, चिरंजीवांचे वर्ग फोनवर भरू लागले आणि घरात तारेनं नेट आलं. ते घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, "काका, डबा कुठं लावू?" सगळे एका सुरात म्हणाले, "ओसरीत!" बळदाच्या भिंतीला खिळा ठोकून डबा अडकवला. ते माळवदावर एकदाही न जाता काम झाल्याचं पाहून अण्णा थोडे हिरमुसले. पुढच्या वर्षी ते गेले.

बहीण पुण्यात. अण्णा गेल्यापासून ती रोज रात्री नवाच्या सुमारास आईला व्हिडिओ कॉल करते. आईनं ओसरीत यायचं, चिरंजीवांनी फोन लावून द्यायचा, आणि मग फोनच्या त्या चौकटीत एकामागून एक आमच्या सगळ्यांची डोकी. "काय गं, जेवलीस का?" "हौ, जेवले." "पाऊस?" "आहे थोडा." असं पंधरा मिनिटं हवामानाचं वृत्त होऊन कॉल संपायचा. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस आई मला म्हणाली, "हे तुझं नेट माजघरात येईल का रे?"

"कामून? ओसरीत चांगलं येतंय की."

"ओसरीत बेबी नीट बोलत नाही."

मी म्हटलं, मग स्पीड वाढवून घेतो. आई माझ्याकडे बघत राहिली. बँकेत एखाद्या खातेदाराला सही जुळत नाही असं तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो जसा बघतो तसं.

परभणीला रोज अप-डाऊन करतो, म्हणून तिथल्याच एका दुकानात गेलो. दुकानदारानं टेबलावर डबे मांडले. एकाला दोन शिंगं, एकाला चार, एकाला सहा. शिंगांप्रमाणे किंमत. खोक्यावर लिहिलेलं, वेग बाराशे. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की डबा दोन लहरींवर बोलतो. एकीवर जास्तीत जास्त तीनशे आणि दुसरीवर साधारण नऊशे, तेही कागदावर. त्यांची बेरीज करून बाराशे. हा हिशेब माझ्या ओळखीचा निघाला. कर्जाच्या अर्जात नवरा-बायकोचा पगार मिळून दाखवतात, तसा. हप्ता भरायच्या वेळी हाताशी एकाचाच असतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, वायफाय म्हणजे वायरलेस फिडेलिटी. विश्वासाचा माल आहे." हेही खरं नव्हे. १९९९ साली नाव ठेवणाऱ्या एका कंपनीनं ते नाव ठेवलं, कानाला बरं वाटतं म्हणून. त्याचा लांबलचक अर्थ मागाहून चिकटवला गेला. आपल्याकडे गल्लीतल्या ट्रॅव्हल्सच्या नावाची फोड नंतर शोधून काढतात, त्यातलाच प्रकार. पण मी भुललो आणि प्लगमधे लावायचा, सिग्नल "वाढवणारा" एक छोटा डबा घेऊन आलो.

तो माजघराच्या उंबऱ्याशी लावला. आईच्या फोनवर पूर्ण रेघा दिसू लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीचा फोन लागला, तिचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. आवाज अडीच मिनिटांनी आला.

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि तिथं मला चौकातला सहा वर्षांचा मी भेटलो. हा वाढवणारा डबा म्हणजे तोच पोरगा! आधी ओसरीचं ऐकायचं, मग तेच माजघराला ओरडून सांगायचं. तोंड एक, हवा तीच. ऐकताना बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही, म्हणून वेग निम्मा तर आपोआपच होतो. शिवाय त्याला स्वतःला नीट ऐकू येत नसेल तर तो पुढं "मुंग्या आल्या" एवढंच मोठ्यानं सांगणार. रेघा दिसतात त्या त्याच्या आवाजाच्या, त्यानं काय ऐकलं त्याच्या नव्हेत. अण्णांना वर असताना हे कुणी समजावलं असतं, तर माझी पाठ वाचली असती.

मग मला या विषयाचा नादच लागला. भिंतीपलीकडं बिनतारी काही पाठवायचा उद्योग आपल्याकडे किती जुना आहे बघा. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधे जगदीशचंद्र बोस यांनी लहरी सोडल्या, त्या भिंती ओलांडून आणि मधे बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून पलीकडं गेल्या, आणि तिथं घंटा वाजली, बंदुकीची दारू उडाली. गव्हर्नरसाहेबांच्या देहात थोड्या अडकल्याही असणार, कारण माणसाचा देह बराचसा पाण्याचा आणि पाणी या लहरी पितं. आमच्या ओसरीत पाहुणे दाटीनं बसले की आतलं नेट का मरतं, याचं एक कारण मला बोसांनी दिलं. दुसरं कारण चौकातला पाण्याचा रांजण, तिसरं लोखंडी कपाट.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. जॉन ओ'सलिव्हन नावाचे एक शास्त्रज्ञ १९७० च्या दशकात आकाशात फुटणाऱ्या कृष्णविवरांचे रेडिओ आवाज शोधत होते. एकही सापडला नाही. पण दुरून येताना फिसकटलेला संदेश सरळ करून वाचायची गणितं त्यांच्या हाती राहिली. पुढं त्यांच्या संस्थेनं, म्हणजे तिथल्या सरकारी संशोधन मंडळानं, घरातलं बिनतारी जाळं हाती घेतलं तेव्हा अडचण तीच निघाली. घरात सोडलेली लहर भिंतींवर, कपाटांवर आपटून दहा वाटांनी येते आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीत बुडते. तोड अशी काढली, की एकाच खिडकीवर चपळ कारकून बसवण्याऐवजी बावन्न खिडक्यांवर बावन्न सावकाश कारकून बसवायचे. प्रत्येकजण इतका संथ बोलतो, की त्याचा प्रतिध्वनी विरल्यावरच तो पुढचं अक्षर काढतो. एकूण काम मात्र झपाट्यानं होतं. १९९६ साली याचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि पुढं त्या मंडळाला त्यातून चाळीस कोटी डॉलरच्या वर मिळाले. संथ कारकुनांची एवढी किंमत जगात दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. मी तो कागद आमच्या शाखेत नोटीस बोर्डावर लावला होता. साहेबांनी काढला.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "आपल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या गोवऱ्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू यायचं म्हणतात. गोवरीला कान लावला की झालं. तुझ्या डब्याला कान कुठं लावू?"

गंमत म्हणजे मुद्दा तिनंच काढला होता. मी तोवर मोठ्या आवाजाच्या मागं होतो. सहा शिंगं, आठ शिंगं. पण नेट म्हणजे रेडिओ नव्हे. इथं आतूनही बोलायचं असतं. ओसरीतला डबा अण्णांसारखा माळवदावरून कितीही ओरडला तरी आईच्या हातातल्या फोनचा आवाज तेवढाच बारीक, तो त्या डब्यापर्यंत परत पोचायला हवा. बाहेरच्याचं ओरडणं वाढवून काही होत नाही. आतल्याचं ऐकायला कुणीतरी आत जाऊन बसावं लागतं.

फोनवर सिग्नल मोजायची सोय असते. डबा टांगलेल्या भिंतीजवळ उणे चाळीस, चौकात उणे पंचावन्न, माजघरात उणे शहाऐंशी. व्हिडिओ कॉलला उणे पासष्टच्या आसपास तरी लागतो. हे आकडे डेसिबलचे, म्हणजे सरळ वजाबाकीचे नव्हेत. दर तीनाला निम्मं, दर दहाला दहावा हिस्सा. कॉमर्सवाल्यांनी घसाऱ्याची ऱ्हासमान शेष पद्धत आठवावी. भिंत ठरावीक रक्कम कापत नाही, उरलेल्यातला हिस्सा कापते. हिशेब केला तर बळदाच्या भिंतीनं चाळीस हजारातला एक भाग आत सोडला होता. आणि त्यातही वेगवान लहर, पाच गिगाहर्ट्झची, तिला भिंत सोसतच नाही. दोन पूर्णांक चारची आत जाते, पण तिच्यावर सगळ्या गल्लीची गर्दी. शेजाऱ्यांचे डबे, कुणाचा मायक्रोवेव्ह.

आबांना ऐकायचं लायसन लागायचं. मला माझ्या घरात चक्क प्रक्षेपण केंद्र काढायचं होतं आणि त्याला कुणाची परवानगी नको, कारण २८ जानेवारी २००५ च्या नियमांनी ही दोन पूर्णांक चारची लहर कमी ताकदीच्या यंत्रांना बिनपरवाना मोकळी झाली आहे. आबा असते तर तरीही पोस्टात जाऊन विचारून आले असते.

ठरलं ते असं: तार टाकायची. बिनतारी नेटाचा उत्तम उपाय म्हणजे तार, हे कळायला मला दोन महिने आणि वाढवणाऱ्या डब्याचे पैसे लागले. तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि तिच्यातूनच विजेचीही सोय होते, त्यामुळे माजघरात वेगळा प्लग नको. फक्त ती न्यायची कुठून? बळदाची भिंत फोडायची कल्पना मी मांडली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माळवद आहे ना?" माळवदाला माजघरावर उजेडासाठी ठेवलेलं सवनं आहे. ओसरीतून तार वर, माळवदावरून आडवी आणि सवन्यातून खाली. माकडांनी ओढू नये म्हणून नळीत घातली. म्हणजे पाऊणशे वर्षांत पहिल्यांदा माळवदावरची गोष्ट ओसरीत न थांबता माजघरात उतरली. तिथं तुळईला एक गोल, पांढरा, बशीएवढा डबा लावला. शिंगं एकही नाहीत. दुकानदाराला फार वाईट वाटलं.

एक भानगड राहिली. दोन्ही डब्यांचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, की फोन आपणहून जवळचा धरेल म्हणून. पण कुठला डबा धरायचा हे फोनच ठरवतो, आणि फोनचा स्वभाव बदली झालेल्या कारकुनासारखा. नवीन शाखा समोर दिसत असते, तरी जुन्या टेबलाला चिकटून. आईचा फोन माजघरात बसून ओसरीच्याच डब्याला धरून राहायचा. शेवटी चिरंजीवांनी ओसरीतल्या डब्याचा आवाज निम्म्यावर आणला. ओसरीचा आवाज कमी करण्याचा आमच्या घराण्यातला हा पहिलाच प्रसंग.

त्या रात्री नवाला मी माळवदावर होतो. तशी गरज नव्हती, नळी एकदा बघावी म्हणून. चिरंजीव चौकात. सवन्यातून माजघरातला उजेड वर येत होता. मी खाली ओरडलो, "आलं का?"

चिरंजीव ओसरीतून जाऊन आले. "बाबा, आजीनं दार लावलंय."

लाकडी दारानं दोनचार डेसिबल जातात. मी म्हटलं, जाऊ दे. सवन्याशी वाकून विचारावं म्हणून पुढं झालो, तर खालून बेबीच्या रडण्याचा आवाज आला, स्वच्छ, कुठंही न अडकता, आणि आईचा, "सांग. कुणी नाही इथं." मी सवन्याचं झाकण ओढून घेतलं आणि तिथंच जरा बाजूला बसलो. पाऊण तासानं आईनं खालून हाक मारली, "आलं रे. ये आता खाली, भाकरी गार झाली."